घरची बोली बिघडलेली नसते

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. गणवेश कोणता, पुस्तकं शाळेतून मिळतील का, दुपारची खिचडी सुरू आहे का. आमच्या हिवरखेडला मुस्लिम घरांतून येणारे आई-वडील त्यात आणखी एक प्रश्न विचारतात. "सर, पोट्ट्याची जबान बिघडून राह्यली. घरात एक बोलते, गल्लीत एक बोलते, पुस्तकात तिसरंच. याचं एकही धड होईन का?"

प्रश्न काळजीचा आहे आणि खरा आहे. तेल्हारा तालुक्यातल्या या गावात मुस्लिम घरातलं मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत किती भाषांतून ये-जा करतं पाहा. अम्मी-दादीशी आपल्या वऱ्हाडकडची उर्दू. गल्लीत, शेतात, बाजारात वऱ्हाडी. शाळेच्या पुस्तकात पुण्याकडची प्रमाण मराठी किंवा किताबी उर्दू. टीव्हीवर हिंदी. मकतबात अरबीचं वाचन. वरून इंग्रजी आहेच. आणि प्रत्येक ठिकाणी त्याला टोकणारा माणूस हजर. वर्गात 'मले' म्हटलं की पोरं हसतात. हैदराबाद-लखनौकडचे पाहुणे म्हणतात, ये कैसी उर्दू है? घरातली मोठी माणसं म्हणतात, गावठी बोलू नको.

याचा परिणाम मी वर्गात पाहिला आहे. पाचवीतली एक मुलगी, तोंडी हिशेबात सगळ्यांच्या पुढे. एकदा उत्तर देताना "मले येते" म्हणाली आणि वर्ग हसला. त्यानंतर कित्येक महिने ती उत्तर माहीत असूनही हात वर करत नव्हती. तिचं गणित कच्चं झालं नव्हतं. बोलायची हिंमत गेली होती. म्हणून हा विषय नुसत्या व्याकरणाचा नाही. आपण ज्याला 'बिघडलेली भाषा' म्हणतो ती खरोखर बिघडलेली असते का, याचं उत्तर आई-वडिलांना माहीत असायला हवं. भाषाविज्ञानाने, म्हणजे भाषेच्या शास्त्रीय अभ्यासाने, हे उत्तर केव्हाच दिलेलं आहे.

मकतबातलं भाषाविज्ञान

भाषाविज्ञान म्हटलं की काहीतरी अवघड, विद्यापीठातलं वाटतं. पण त्याचा पहिला धडा आपल्या घरातली मुलं मकतबातच शिकतात. तजवीद शिकवताना उस्ताद मखरज सांगतात. कोणता हर्फ घशाच्या तळातून निघतो, कोणता घशाच्या मधून, कोणता जिभेच्या कडेने, कोणता ओठांतून. तोंडातल्या कोणत्या जागेवरून कोणता आवाज येतो याचा अभ्यास म्हणजेच ध्वनिशास्त्र, भाषाविज्ञानाची पहिली पायरी.

आठव्या शतकात बसऱ्याचे खलील बिन अहमद यांनी अरबीचा पहिला शब्दकोश रचायला घेतला. त्यांनी हर्फ नेहमीच्या अलिफ-बे क्रमाने न लावता मखरजप्रमाणे लावले. घशापासून सुरुवात आणि ओठांकडे शेवट. पहिला हर्फ ऐन आला, म्हणून कोशाचं नावच 'किताबुल ऐन' पडलं. आता आपली देवनागरी बाराखडी पाहा. क-ख-ग घशाकडून, च-छ-ज टाळूवरून, ट-ठ-ड त्याच्या पुढे जीभ वळवून, त-थ-द दातांशी, प-फ-ब ओठांतून. हाच घशाकडून ओठांकडे जाणारा क्रम! मुलाला एका हातात कायदा आणि दुसऱ्या हातात अंकलिपी देऊन हे दाखवा. दोन लिप्या, दोन दिशा, पण आवाज समजून घेण्याची अक्कल एकच.

खलील यांचे शागिर्द सीबवैह हे इराणी होते. अरबी व्याकरणाचा पाया समजला जाणारा 'अल-किताब' हा ग्रंथ त्यांचाच. अरबीचा सर्वांत मोठा व्याकरणकार जन्माने अरब नव्हता, हे दोन-तीन भाषांमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना जरूर सांगावं.

माणसाचं तोंड शेकडो आवाज काढू शकतं. प्रत्येक भाषा त्यातले थोडेच, साधारण तीस-चाळीस-पन्नास, आपल्यासाठी निवडते. अरबीने 'प' घेतला नाही. म्हणून इराणातला 'पारस' अरबांच्या तोंडी 'फारस' झाला आणि फारसीतला 'पील' म्हणजे हत्ती अरबीत 'फील' झाला. उर्दूने 'ळ' घेतला नाही, मराठीने 'क़ाफ' घेतला नाही. यात कोणाची जीभ जड नाही की हलकी नाही. ही फक्त निवड आहे.

आणि मूल जन्मतं तेव्हा ते सगळ्याच निवडींना तयार असतं. १९८४ साली जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक कळत होता. वर्षाच्या आसपासच्या बाळांना तो कळेनासा झाला होता, कारण त्यांच्या घरच्या भाषेला त्याची गरज नव्हती. म्हणजे बाळ बोलायच्या आधीच घरातल्या आवाजांवर कान पक्के करत असतं. पाळण्यात ऐकलेलं अम्मीचं, नानीचं बोलणं वाया जात नाही.

'डोया' म्हणणारा नियम पाळतो

आता वऱ्हाडी घ्या. प्रमाण मराठीतला 'ळ' आपल्याकडे 'य' होतो. डोळा डोया, काळा काया, केळं केयं, फळ फय, बाभूळ बाभूय. लोक म्हणतात, या लोकांना बोलता येत नाही. पण नीट ऐका. 'फळ'चं 'फय' करणारा माणूस 'फूल'चं 'फूय' करतो का? 'काळा'चं 'काया' म्हणणारा 'काल'ला 'काय' म्हणतो का? कधीच नाही. फक्त 'ळ' बदलतो, 'ल' जागेवर राहतो. शाळेत कधी न गेलेला आमच्याकडचा शेतकरीही यात चुकत नाही. जिथे इतकी काटेकोर शिस्त आहे तिथे गबाळेपणा कसला? हा नियम आहे. पुस्तकात छापला नाही एवढंच.

आपल्या घरच्या उर्दूचंही तसंच. "मैंच जाऊंगा" आणि "मैं आजच जाऊंगा" या दोन वाक्यांत 'च'ची जागा बदलली की अर्थ बदलतो. पहिल्यात 'दुसरं कोणी नाही', दुसऱ्यात 'उद्या नाही'. किताबी उर्दूत इथे 'ही' येतो. हा 'च' मराठीकडून दखनीत आला आहे, 'नको' हा शब्दही तसाच आला आहे. किताबी उर्दूत "मैंने खाना खाया" असतं, दखनीत "मैं खाना खाया" असं 'ने' न लावता चालतं. दिल्लीकराला ही चूक वाटते. पण दखनी ही काही कालची मोडतोड नाही. गोवळकोंड्याचे सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह आणि विजापूरचे दुसरे इब्राहिम आदिलशाह यांनी दखनीतच रचना केल्या आणि उत्तरेला उर्दू गझलेची गोडी लावणारे वली हे दख्खनचेच. तेव्हा "ये कैसी उर्दू है" असं कोणी विचारलं तर "दख्खन की है" असं सांगायला लाजायचं कारण नाही.

घरातल्या लहान मुलाकडे लक्ष द्या, नियम कसा सापडतो ते दिसेल. अडीच-तीन वर्षांचं मूल "मी करलं" म्हणतं. आपण हसतो. पण हे 'करलं' त्याने ऐकलं कुणाकडून? मोठं कोणीच तसं म्हणत नाही. त्याने 'धर-धरलं', 'भर-भरलं' ऐकलं, त्यातून नियम काढला आणि 'कर'ला लावला. 'केलं' हा अपवाद आहे, तो त्याला पुढे कळतो. म्हणजे ही चूक त्याच्या हुशारीची खूण आहे. पोपट ऐकलेलंच बोलतो. माणसाचं मूल कधी न ऐकलेलं बोलतं.

अमेरिकेत १९५८ साली जीन बर्को या संशोधिकेने मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला 'वग' असं नाव दिलं आणि विचारलं, असे दोन असले तर काय म्हणाल? मुलांनी कधीच न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बरोबर केलं. तुम्ही घरी करून पाहा. कागदावर काहीतरी वेडंवाकडं काढा आणि म्हणा, "हा एक टिपडा. आता हे दोन..." मूल "टिपडे" म्हणेल. हा शब्द जगात कुठे नाही, तरी त्याचं अनेकवचन तुमच्या मुलाला येतं. कारण त्याच्याकडे शब्दांच्या साठ्याबरोबर शब्द घडवायची रीतही आहे.

माणसाच्या भाषेचं मर्म हेच. मोजके आवाज, त्यांतून हजारो शब्द, आणि त्यांतून न संपणारी वाक्यं. गाय वासराला हाक मारते, कावळा धोका दिसला की ओरडतो, पण ते समोर असलेल्या गोष्टीबद्दल. "परवा पाऊस पडला असता तर सोयाबीन वाचलं असतं," हे वाक्य फक्त माणूस बोलू शकतो. न घडलेल्या गोष्टीवर घरातली चार माणसं तासभर बोलत बसतात, ही केवढी मोठी देणगी आहे! आणि ही देणगी वऱ्हाडीत कमी अन् इंग्रजीत जास्त अशी वाटलेली नाही.

शब्दांना पासपोर्ट लागत नाही

पालकांची दुसरी भीती असते ती 'भेसळी'ची. उर्दूत मराठी मिसळली, मराठीत उर्दू मिसळली. पण न मिसळलेली भाषा दाखवा म्हटलं तर कोणालाच दाखवता येणार नाही. आमचा शेतकरी वर्षाचे दोन हंगाम मोजतो, खरीप आणि रब्बी. 'खरीफ' म्हणजे अरबीत शरद ऋतू, 'रबी' म्हणजे वसंत. 'हंगाम' फारसी, 'जमीन' फारसी, 'मजूर' फारसी. 'अर्ज', 'तारीख', 'वकील' अरबी. कवी माधव ज्यूलियन हे फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध केला. अशा शब्दांनी अख्खा कोश भरतो.

गंमत म्हणजे शब्द दुसऱ्या घरी गेला की स्वभाव बदलतो. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव, मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त' म्हणजे पराकाष्ठा. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. उर्दूत 'रज़ा' म्हणजे मर्जी, संमती. मराठीत 'रजा' म्हणजे सुट्टी. उर्दूत 'ग़रज़' म्हणजे मतलब, हेतू. मराठीत 'गरज' म्हणजे आवश्यकता. उर्दू माध्यमातलं मूल मराठीच्या पेपरात इथे हमखास अडखळतं. त्याला "तुला मराठी येत नाही" म्हणण्यापेक्षा असे शब्द समोरासमोर मांडून दाखवले तर दोन्ही भाषा एकदम पक्क्या होतात.

भाषा आणि धर्म यांचीही आपण नकळत गाठ मारतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख मुस्लिम होते आणि मातृभाषा उर्दू सांगणारे सुमारे ७५ लाख. उरलेल्या लाखो मुस्लिमांनी मराठी, हिंदी अशा दुसऱ्या भाषा सांगितल्या. त्यांच्या ईमानात त्याने काही फरक पडला नाही. कुरआनने सूरह रूमच्या २२ व्या आयतीत माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणं ही अल्लाहची निशाणी म्हणून सांगितलं आहे. त्यात अमुक भाषा निशाणी आणि तमुक भाषा गावठी असा भेद नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी

आपल्या हिवरखेडची जागा भाषेच्या अभ्यासकांना हेवा वाटावा अशी आहे. उत्तरेला सातपुडा, वर मेळघाट. तिथे कोरकू बोलली जाते. पुनर्वसनात मेळघाटातली काही गावं खाली अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूला आली, त्यामुळे आपल्या बाजारातही कोरकू कानावर पडते. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे ७ लाख २७ हजारांच्या वर होते. आपण तिला 'जंगलातली बोली' म्हणून सोडून देतो. खरं तर ती मुंडा कुळातली भाषा आहे. तिच्या बहिणी, मुंडारी आणि संथाली, इथून शेकडो किलोमीटर दूर झारखंडकडे आहेत, आणि दूरचं नातं थेट कंबोडियाच्या ख्मेर भाषेपर्यंत जातं. मराठीत 'पाणी', फारसीत 'आब', अरबीत 'मा', कोरकूत 'डा'. तहान एकच, आवाज चार. कोणता आवाज पाण्यासाठी जास्त योग्य, असा प्रश्नच निघत नाही. वस्तू आणि शब्द यांची गाठ माणसांनी मिळून मारलेली असते.

कोरकूत आणखी एक गोष्ट आहे. मराठी-उर्दूत एकवचन आणि अनेकवचन असतं. कोरकूत दोघांसाठी वेगळं द्विवचन आहे. आपल्या मुलांना ही गोष्ट चटकन समजते, कारण त्यांनी 'वालिदैन' म्हणजे आई-वडील दोघं आणि 'हरमैन' म्हणजे मक्का-मदिना दोन्ही हरम, हे शब्द ऐकलेले असतात. अरबीत द्विवचन असलं की आपण त्याला भाषेची श्रीमंती म्हणतो. तीच श्रीमंती डोंगरातून येणाऱ्या मजुराच्या तोंडी असते, तेव्हा आपल्याला ऐकू येत नाही.

पश्चिमेला संग्रामपूर ओलांडलं की बुलढाणा जिल्ह्यातला जळगाव जामोद तालुका. तिथल्या डोंगरालगतच्या मोजक्या गावांत निहाली नावाची भाषा आहे. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास. ही भाषा मराठीसारखी आर्यकुळातली नाही, गोंडीसारखी द्राविडी नाही, कोरकूसारखी मुंडाही नाही. तिचा जगातल्या कोणत्याच भाषेशी संबंध सिद्ध झालेला नाही. १९६२ साली कुइपर या डच अभ्यासकाने तिच्यावर पुस्तक लिहिलं. कोरकू, मराठी, द्राविडी अशा शेजारच्या शब्दांचा मोठा भरणा बाजूला काढला तरी सुमारे पाव भाग शब्द असे उरतात, ज्यांचा माग कुठेच लागत नाही. आपल्या इथून दोन तालुके पलीकडे एवढं मोठं कोडं बसलेलं आहे.

आज निहाली धोक्यात आहे. भाषा जाते ती कोणी बंदी घातली म्हणूनच जाते असं नाही. "आपलं बोलणं हलकं आहे" असं आई-वडिलांना वाटू लागतं, मग ते मुलांशी दुसऱ्या भाषेत बोलतात. मुलांना ती समजते पण बोलता येत नाही. नातवंडांना समजतही नाही. तीन पिढ्यांत काम होतं. उर्दू किंवा मराठी इतक्या लवकर संपणार नाहीत. पण आपल्या घरची उर्दू, आपली वऱ्हाडी, दादीच्या तोंडचे शब्द? ते याच वाटेने जाऊ शकतात.

मग प्रमाण भाषा कशाला?

याचा अर्थ शाळेतली भाषा शिकू नये असा कोणी घेऊ नये. प्रमाण मराठी शिकलीच पाहिजे. अर्ज, परीक्षा, कोर्टकचेरी, वर्तमानपत्र, नोकरी, सगळं तिच्यात चालतं. सिंधुदुर्गचा माणूस आणि गोंदियाचा माणूस तिच्यामुळेच एकमेकांचं लिहिलेलं वाचू शकतात. मात्र ती कुठून आली हे माहीत असावं. इंग्रजी अमलात पुणे भागातल्या मराठीला धरून कोश आणि व्याकरणं तयार झाली. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंग यांचं व्याकरण १८३६ चं. छापखाना, शाळा आणि कचेरी जिथे, तिथली बोली प्रमाण ठरली. वऱ्हाडात ती ठरली असती तर आज पुण्याची मुलं 'डोया' पाठ करत बसली असती.

वऱ्हाडाचा मान त्याआधीचा आहे. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तयार झाला, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच झालं आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ज्या जुन्या वाङ्मयाच्या बळावर मराठीचं वय सांगितलं जातं, त्यात हा वऱ्हाडचा ग्रंथ आहे. पुढे उद्धव शेळके यांनी 'धग' या कादंबरीत वऱ्हाडी बोली आणली, विठ्ठल वाघ यांनी कवितेत आणली, आणि महाराष्ट्राने ती मानाने वाचली.

प्रमाण भाषा म्हणजे ईदचा जोडा. ईदगाहला तोच घालावा. पण म्हणून रोजचे कपडे घाणेरडे ठरत नाहीत, आणि घरात कोणी शेरवानी घालून झोपत नाही.

घरात काय करता येईल

पहिलं म्हणजे हसू नका आणि कोणाला हसू देऊ नका. मूल "मले पानी दे" म्हणालं तर आधी पाणी द्या. मग सहज म्हणा, "पुस्तकात याला 'मला पाणी दे' म्हणतात." चूक काढू नका, शेजारी दुसरं रूप ठेवा. मुलाला दोन्ही लागणार आहेत.

दुसरं, भाषांची गर्दी झाली म्हणून घाबरू नका. लहान मूल एका वाक्यात दोन भाषा मिसळतं, पण कोणाशी काय बोलायचं हे त्याला लवकर कळतं. दादीशी उर्दू आणि शेजारच्या काकूंशी वऱ्हाडी, हे कोणी न शिकवता होतं. जगात निम्म्याच्या आसपास माणसं अशीच एकापेक्षा जास्त भाषांत जगतात.

तिसरं, माध्यमाचा निर्णय लोकांच्या तोंडाकडे पाहून घेऊ नका. संविधानाच्या ३५० क कलमात भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं सांगितलं आहे. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हणतं. मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत वाचायला लागलं की पुढची भाषा सोपी जाते. उर्दू शाळेत घातलं तर मराठीकडे दुर्लक्ष नको, कारण राहायचं, कमवायचं इथेच आहे. मराठी शाळेत घातलं तर रोज अर्धा तास उर्दू वाचन घरी व्हावं. इंग्रजी शाळेत घातलं तर घरात मुद्दाम तुटकं इंग्रजी बोलू नका. तुमची भरभरून बोललेली उर्दू किंवा वऱ्हाडी मुलाला त्यापेक्षा जास्त देते.

चौथं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा. एक वही घ्या. दादी-नानीच्या तोंडचे शेतीचे, स्वयंपाकाचे, लग्नाचे, आजारांचे शब्द मुलांना लिहायला लावा. देवनागरीत लिहा की उर्दूत, काही बिघडत नाही. लिपी म्हणजे भाषेचा कपडा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं, गावोगावच्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं. विद्वान माणसं ज्यासाठी इतक्या दूर प्रवास करतात, ते आपल्या घरात चुलीजवळ बसलेलं आहे.

शेवटचं शिक्षकांसाठी, मी स्वतः त्यांच्यातलाच एक. वर्गात मूल घरच्या बोलीत उत्तर देत असेल तर आधी उत्तर बरोबर आहे का ते पाहावं, भाषा मागून सुधारता येते. 'मले येते' म्हणणाऱ्या मुलीला खरंच येत होतं. आपल्याला तेवढंच ऐकू यायला हवं.